डिझेलला रकाना नाही

मांजरसुंब्याच्या घाटात टँकर उलटला, एवढ्यावर आमच्याकडं कुणी मान वर करून बघत नाही. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. वाहतूक खोळंबली, चालक किरकोळ जखमी, आणि सोबत एक फोटो, ज्यात टँकरपेक्षा घागरीच जास्त दिसतात. पण त्या वेळी डिझेलचा टँकर उलटला तो नेमका आमच्या शिवाराच्या डोक्यावरच्या वळणाला. परतीचा पाऊस नुकता उघडला होता. पहाटे वाऱ्याबरोबर असा वास खाली आला की झोपलेली माणसं खोकत उठली. मग हंडे, कळश्या, फवारणीचे कॅन, दुधाच्या किटल्या, थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या, जे हाताला लागलं ते घेऊन गाव वर पळालं. अंधारात कुणीतरी जीव तोडून ओरडत होतं, "आरं बिडी इझव! बिडी इझव आधी!" चुलतभावाच्या पोरानं एक कॅन भरून आणला. चुलतीनं त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, पण ओतून टाक असंही म्हणाली नाही. कॅन गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीपासून लांब, पोत्याखाली गेला. घरोघरी असंच झालं असणार, कारण पुढं बरेच दिवस गावातला एकही ट्रॅक्टर पंपावर कुणाला दिसला नाही. दुपारी क्रेन आली, टँकर सरळ झाला, रस्त्यावर मुरूम पडला, पोलीस जेवायला गेले. घाटापुरतं प्रकरण मिटलं.

जे भांड्यात मावलं नाही ते रस्त्याखालच्या मोरीतून ओढ्यात उतरलं, आणि ओढ्याला लागून अण्णांची विहीर आहे. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. विहीर जुनी, दगडी, आत उतरायला पायऱ्या, कपारीत पारव्यांची घरटी. सुरुवातीला कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण वास सगळ्या शिवारालाच होता. मग एका सकाळी म्हशीनं हौदात तोंड घातलं, नाक फुरफुरवलं आणि मान बाजूला करून उभी राहिली. अण्णांनी तिला चुचकारलं. मग ओंजळीत पाणी घेऊन स्वतः वास घेतला आणि काही न बोलता विहिरीच्या पायऱ्या उतरले. मी वरून वाकून बघत होते. पाणी नेहमीचंच, हिरवट काळं. फक्त कडेला, जिथं ऊन पोचलं होतं तिथं, मोरपंखी रंग सरकत होते. लहान असते तर टाळ्या पिटल्या असत्या, इतके देखणे. अण्णांनी काठीनं तो तवंग बाजूला सारला. तो सरला आणि काठीच्या मागून परत मिटला.

तलाठी चांगला माणूस होता, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून त्याचा राग येईल. तो बोलावल्याबरोबर आला, मोबाईलवर फोटो काढले, चहा घेतला, म्हशीची चौकशी केली. मग त्यानं पंचनाम्याचा कागद काढला. अतिवृष्टी, पूर, गारपीट, वीज, अवकाळी. बोट खालपर्यंत गेलं आणि परत वर आलं. "नैसर्गिक आपत्तीत बसत नाही हो हे," तो म्हणाला, "आणि अपघातात धरावं तर अपघात तुमचा झालेला नाही." बराच वेळ पेन नुसतं हातात धरून बसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "अण्णा, असं करू का? पावसानं विहीर खचली असं लिहितो. त्याला रकाना हाय."

"पर इहीर खचली न्हाई की."

"लिहायचं हो फक्त."

"न्हाई खचली तर खचली कशी म्हनू? उद्या खरंच खचली, मग काय लिव्हणार?"

आत चुलती कपाळावर हात मारून घेत होती. रकाना कोराच राहिला.

अण्णांनी लाइट असेल तेव्हा मोटार लावून विहीर उपसायला घेतली. उपसलेलं पाणी कुठं सोडणार? ओढ्यातच. ओढ्याचं पाणी खालच्या गावाला, तिथून पुढं नदीला. आमच्या बाजूचं बालाघाटावरचं पाणी उत्तरेला उतरो की दक्षिणेला, सिंदफणेनं जावो की मांजरेनं, शेवटी गोदावरीलाच मिळतं आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्याला बंगालच्या उपसागरात. मोटारीच्या फेसाळ धारेकडं बघताना मला हे उगाचच आठवलं. मधे धरणं आहेत, बंधारे आहेत, आमचं डिझेल काही समुद्राला पोचलं नसेल. उन्हानं उडून गेलं असेल, मातीत मुरलं असेल. पण कुठं गेलं याचं उत्तर 'पुढं' एवढंच होतं, आणि ते मला गिळता येईना. त्या दिवसांत मी रात्री जागून समुद्रातल्या तेलगळतीचं वाचायला लागले. विहिरीचा काही उलगडा त्यात होणार नव्हता. पण जिथं हजारो टन तेल सांडतं तिथं पंचनामा कोण करतं, कागदावर रकाने कुठले असतात, याची उत्सुकता लागली होती.

खरं तर आम्ही बिनसमुद्राची माणसं. आमचा समुद्राशी संबंध आठवडी बाजारातल्या सुकटीपुरता. बोंबलाच्या ढिगाजवळून जाताना जो खारट कुबट वास येतो, तोच मला कितीतरी वर्षं समुद्राचा वास वाटायचा. आई तर पैठणच्या नाथसागरालाच समुद्र म्हणायची. पलीकडचा काठ दिसत नाही तो समुद्र, हा तिचा हिशेब, आणि भरल्या साली नाथसागराचा पलीकडचा काठ दिसत नाही, हे खरंच. तिला खरा समुद्र दाखवायचा म्हणून आम्ही अलिबागला गेलो ते मे महिन्याच्या शेवटी. सोबत मामी. मामीनं उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीला घालवली आहेत. तिच्या टाचांच्या भेगांत करंगळीचं नख सहज आत जाईल. दोघी चपला हातात घेऊन ओल्या वाळूवरून चालल्या होत्या, कुलाब्याच्या किल्ल्याकडं बघत, आणि पाण्याला हात लावून तो कपाळाला लावत. परत आलो तेव्हा मामीच्या टाचा काळ्या झालेल्या. वाळूत करड्या-काळ्या, सुपारीएवढ्या, काही चपट्या गोळ्या पडलेल्या होत्या. वरून कोरड्या दिसणाऱ्या, आणि पाय पडला की आतून मऊ. डांबरच, पण ताजं डांबर कसं चमकतं तसं नाही, मेलेलं. मामीनं आधी वाळूनं घासलं, मग नळावर साबण लावला. साबणानं ते पसरलं फक्त.

जवळच सुकट विकायला बसलेली एक कोळीण हे सगळं बघत होती. "साबूण नको लावू बाय," ती म्हणाली, "खोबरेल चोळ. नाहीतर राकेल." आणि तिनंच स्वतःच्या पिशवीतली निळी बाटली पुढं केली. मामी पायरीवर बसून टाचा चोळत राहिली. वरचं निघालं. भेगांतलं निघालं नाही. तेवढं ती बीडपर्यंत घेऊन आली.

त्या गोळ्या कुठून येतात ते पुढं वाचनात कळलं. जहाजाचं जड तेल पाण्यावर पसरलं की त्यातला हलका भाग पहिल्या काही दिवसांतच हवेत उडून जातो. उरलेलं लाटांनी घुसळून पाणी धरतं, फुगतं, मूळच्या तीन-चार पट होतं, आणि शेवटी त्याचे तुकडे होऊन वाळू-कचरा पोटात घेत किनाऱ्याला लागतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर उन्हाळा सरता-सरता, वारे नैर्ऋत्येचे झाले की हे डांबरगोळे दिसायला लागतात. त्यासाठी जहाज बुडावंच लागतं असं नाही. लांब समुद्रात कुणी टाक्या धुतल्या, कुणी तळाचं तेलकट पाणी सोडलं, तरी पुरतं. आणि त्या गोळीवर कुणाचं नाव नसतं. आमच्या घाटात निदान टँकरचा नंबर तरी सगळ्या गावाला पाठ झाला होता.

कोळणीनं सुकट मोजता मोजता 'जहाजं आपटली त्या साला'ची गोष्ट काढली होती. तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर धडाधड पाण्यात गेले, आणि तिच्या टाक्यांमधलं सुमारे ८०० टन तेल समुद्रात आलं. नारळी पौर्णिमा तोंडावर होती. म्हणजे पावसाळ्यातली बंदी संपून होड्या पाण्यात लोटायचे दिवस. तेल रायगडच्या किनाऱ्याला, खाड्यांतल्या तिवरांना, म्हणजे खारफुटीच्या झाडांना, लागलं ते तर झालंच. पण कोळीण सांगत होती ते वेगळंच. पुढं होड्या गेल्या, लांब जाऊन मासळी आणली, मासळी चांगली होती, पण गिऱ्हाईक टोपलीशी यायचं, वाकायचं, वास घ्यायचं आणि पुढं जायचं. "मावऱ्याला वास नव्हता गो," ती म्हणाली, "माणसांच्या नाकात होता." म्हशीनं मान फिरवली तेव्हा मला ही बाई आठवली होती. म्हशीच्या नाकात मात्र खोट नव्हती.

आता हे नुकसान कुठल्या कागदावर लिहायचं? मासळी मेली नाही, होडी फुटली नाही, जाळं फाटलं नाही. टोपली भरलेली होती आणि ती संध्याकाळी भरलेलीच घरी गेली.

तेल सांडणं ही एक गोष्ट आणि ते काढणं ही दुसरी. अण्णांच्या विहिरीवर पंधरा जणांनी पंधरा उपाय सांगितले. चुना टाका, तुरटी फिरवा, भांडी घासायची पावडर टाका म्हणजे तेल फाटंल. तो पावडरीचा उपाय सांगणारा माणूस इंजिनियर होता आणि मला वाचून झाल्यावर त्याच्याबद्दल जरा आदरच वाटला, कारण १९६७ साली ब्रिटिश सरकारनं नेमकं हेच केलं होतं. १८ मार्चला 'टॉरी कॅन्यन' नावाचा टँकर कॉर्नवॉलच्या टोकाशी, वेळ वाचवायला जवळच्या वाटेनं जाताना, खडकावर चढला. कुवेतचं कच्चं तेल होतं, लाखभर टनांच्या वर. एवढं तेल समुद्रात सांडण्याची जगाची ती पहिलीच वेळ, त्यामुळं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी विमानं पाठवून स्वतःच्याच किनाऱ्याजवळच्या त्या जहाजावर बाँब टाकले, तेल पेटावं म्हणून. आणि किनाऱ्यावर सैनिकांनी पिंपामागून पिंप डिटर्जंट ओतलं, सगळं मिळून दहा हजार टनांच्या घरात. तेल फाटलं, खडक स्वच्छ दिसायला लागले. पण ते त्या काळचं डिटर्जंट तेलापेक्षा विषारी निघालं. खडकाला चिकटून शेवाळ खाणाऱ्या शिंपल्या त्यानं मारल्या. खाणारंच कुणी उरलं नाही तेव्हा खडकांवर हिरव्या शेवाळाचं रान माजलं. पुढं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्या खडकांवर जाऊन मोजत राहिले. जिथं कुणी फिरकलं नव्हतं, तेल तसंच सोडून दिलं होतं, तो किनारा दोन-तीन वर्षांत सावरला. जिथं धुवून काढला तिथं दहा-पंधरा वर्षं लागली.

हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी त्यो पावडरवाला मेहुना आपल्या इहिरीपासून लांब ठिवा."

अलास्कातही तेच. २४ मार्च १९८९ ला 'एक्सॉन वाल्डेझ' टँकर खडकावर गेला, चार कोटी लिटरच्या वर तेल गेलं, दोन हजार किलोमीटरच्या आसपास किनारा माखला, अडीच लाख समुद्रपक्षी मेल्याचा अंदाज आहे. पाखरू तेलानं मरतं म्हणजे बुडूनच मरतं असं नाही. पिसांमधली हवा जाते, थंडी आत शिरते, आणि ते चोचीनं पिसं साफ करायला जातं तेव्हा तेल पोटात जातं. तिथंही किनाऱ्यावर कढत पाण्याचे फवारे मारले, टीव्हीवर ते फार जोरदार दिसायचं, आणि तेलातून वाचलेले जीव त्या कढत पाण्यानं गेले. चार वर्षांनी तिथला हेरिंग मासा एकदम आटला तो पूर्ववत झालाच नाही. तेलामुळंच का, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. कोर्टात ज्यूरीनं १९९४ साली कंपनीला पाच अब्ज डॉलरचा दंड सांगितला. अपिलं चालत राहिली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पन्नास कोटींच्या आसपास आणून ठेवला. तोवर कित्येक कोळी वारले होते. तारखेवर तारीख पडताना पक्षकार संपून जाण्याची गोष्ट मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

एक मात्र कबूल करायला हवं, की या अपघातांनी काहीच बदललं नाही असं नव्हे. वाल्डेझनंतर टँकरला दुहेरी कवच सक्तीचं झालं. १९७० च्या दशकात सातशे टनांवरच्या मोठ्या गळत्या वर्षाला सरासरी चोवीस-पंचवीस व्हायच्या, २०१० च्या दशकात त्या दोनांच्याही खाली आल्या. आमच्या घाटातल्या टँकरांबद्दल असं कुणी सांगितलं तर मी पेढे वाटीन.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे चिखल. लाटा आपटणारा खडक समुद्र स्वतःच घासून काढतो. पण खाडीच्या आतला गाळ, तिवरांची मुळं, खाजणं, तिथं लाट येत नाही, आलेलं तेल जात नाही. तिवराची मुळं श्वास घ्यायला वर डोकं काढतात, त्यांच्यावरच लेप बसतो. १९९१ च्या आखाती युद्धात सौदीच्या किनाऱ्यावर जे तेल आलं ते खेकड्यांच्या बिळांतून खाली उतरलं, उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पहिला पाऊस गडप होतो तसं, आणि कितीतरी वर्षांनी खणलं तरी आत ओलं सापडत होतं. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला हे वाचताना पोटात कसंतरी होतं. अण्णांच्या विहिरीलगतच्या मातीचं ढेकूळ फोडलं की अजून तो वास येतो, विशेषतः ऊन तापल्यावर.

टॉरी कॅन्यननंतरच जगानं रकाने आखायला घेतले. जहाजमालकानं अमुक मर्यादेपर्यंत भरपाई द्यायची, त्यावरचं नुकसान तेल मागवणाऱ्यांच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या आंतरराष्ट्रीय निधीतून द्यायचं. भारतही त्यात आहे. व्यवस्था चांगली आहे, खरंच चांगली आहे, पण तिचीही अट एकच, नुकसान मोजून दाखवा. १९७९ साली 'अंतोनियो ग्राम्शी' नावाचा सोव्हिएत टँकर बाल्टिक समुद्रात रुतला, तेव्हा सोव्हिएत सरकारनं भरपाईचा एक झकास हिशेब मांडला. इतके घनमीटर पाणी नासलं, दर घनमीटरला इतके रूबल, गुणाकार करा. निधीवाले गडबडले. पुढच्याच वर्षी त्यांनी ठराव केला, की असा सूत्रावरचा, कल्पनेतला हिशेब चालणार नाही, प्रत्यक्ष झालेला खर्च आणि बुडालेलं उत्पन्न दाखवा. कायद्याच्या दृष्टीनं बरोबरच आहे, नाहीतर कुणीही उठून समुद्र मोजायला लागेल. पण मला तो सोव्हिएत कारकून फार आवडला. अण्णांच्या विहिरीला हाच गुणाकार लावून पाहिला मी. व्यास, खोली, परसभर पाणी किती, म्हशी किती, भिजणारी ज्वारी किती. आकडा आला. तो कुणाला दाखवायचा तेवढं राहिलं. विहिरीच्या पाण्याची पावती नसते. मासळीची तरी कुठं असते? त्या कोळणीला कुणी सांगितलं, की बाई, मागच्या तीन वर्षांच्या विक्रीचे कागद आण, तर ती काय आणणार? आमच्याकडं निदान सातबारा असतो, भले त्यावर पोटखराब्यापासून बोज्यापर्यंत सगळं लिहिलेलं असेना. समुद्राला सातबारा नाही, आणि कोळी त्यावर कूळ म्हणूनही लागलेला नाही.

तरी फ्रान्समध्ये एक खिडकी उघडली. डिसेंबर १९९९ मध्ये 'एरिका' नावाचा जुना टँकर ब्रिटनीच्या किनाऱ्यासमोर वादळात दुभंगला. बारा-तेरा वर्षं खटला चालला आणि २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं, की माणसाच्या खिशाला झळ बसली नसली तरी निसर्गाचं नुकसान हे स्वतंत्र नुकसान आहे. म्हणजे पाखरासाठी रकाना निघाला. बारा वर्षं हा काळ आमच्या तहसीलच्या मानानं काही फार नाही.

आपल्याकडं २०१७ च्या जानेवारीत एन्नोरच्या बंदराबाहेर दोन जहाजं धडकली, त्याचे फोटो मी पुन्हा काढून बघितले. चेन्नईच्या किनाऱ्यावर काळा दाट गाळ, पंप लावले तर पंप तुंबतात इतका दाट, आणि पोरं, कोळी, विद्यार्थी, जवान रांगेनं उभे राहून बादल्या पुढं देतायत. प्लॅस्टिकच्या साध्या बादल्या, आमच्याकडं पाण्याच्या टँकरवर झुंबड उडते तेव्हा असतात त्याच निळ्या-लाल. देशभर त्या बादल्यांची टिंगल झाली, अंतराळात यान पाठवणारा देश म्हणून. मला टिंगल करवेना. घाटातल्या घागरी आणि या बादल्या, दोन्हीकडं तेल भरून नेत होते. इथं घरी, तिथं घरापासून लांब.

या सगळ्यात मामीचा संबंध आला तो मॉरिशसमुळं. २५ जुलै २०२० ला 'वाकाशियो' हे जपानी मालकीचं जहाज मॉरिशसच्या प्रवाळाच्या कड्यावर चढलं. टँकर नव्हताच तो, ब्राझीलकडं माल भरायला निघालेलं रिकामं मालवाहू जहाज, पण स्वतःच्या इंधनाच्या टाक्या भरलेल्या. किनाऱ्याच्या इतक्या जवळ का आलं, तर खलाशांना मोबाईलला रेंज हवी होती, असं जहाज चालवणाऱ्या कंपनीनंच नंतर सांगितलं. कप्तान भारतीय होता, त्याला पुढं तुरुंगवास झाला. (रेंजसाठी टेकडीवर चढणारी माणसं आमच्या वस्तीवर रोज दिसतात. तेवढ्यापुरता मला त्या खलाशांचा राग करता आला नाही.) दहा-बारा दिवसांनी टाकी फुटली आणि हजारेक टन तेल त्या निळ्या पाण्यात आलं. आणि भरपाईच्या कागदावर पुन्हा तेच. तेल तेवढंच काळं, पण जहाज टँकर नाही, म्हणून तो टँकरवाला निधी लागू नाही. नियम दुसरा आणि मर्यादा लहान. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. तलाठ्याचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

पण तिथली माणसं कागदाची वाट बघत बसली नाहीत. मॉरिशसमध्ये ऊस आहे, मैलोन्‌मैल. ऊस लावायला, तोडायला भारतातून गिरमिटिये नेले होते, त्यात कोकणातली मराठी माणसंही होती. त्या बेटावरची बायामाणसं करोनाच्या त्या दिवसांत रस्त्यावर उतरली आणि त्यांनी उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरून, शिवून, लांबच लांब माळा केल्या. तरंगायला मधे प्लॅस्टिकच्या बाटल्या. कुणी केस कापून दिले, केस तेल धरतात म्हणून. त्या माळा समुद्रात सोडल्या, तेल अडवायला.

त्याचा व्हिडिओ मी मामीला दाखवला. तिनं चष्मा लावला, फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"पाचटच हाय की गं."

"पाचटच आहे."

"हातात मोजे घातलेत, बरं केलं. लई कापतंय." तिनं स्वतःचा हात पालथा करून बघितला. मनगटावर तिच्या असंख्य बारीक पांढऱ्या रेघा आहेत, पाचटाच्या पात्यांनी ओढलेल्या. "ह्यांला हजेरी कोण देतंय?"

"कुणी नाही. आपला समुद्र म्हणून करतायत."

मामी जरा वेळ गप्प राहिली. विश्वास बसला नसावा, किंवा बसला असावा. मग तिनं विचारलं ते मला एवढं वाचून सुचलं नव्हतं. "आन तेल पिल्यावर त्या पाचटाचं काय केलं? पेटवलं?"

पेटवता येत नाही असं कुठंही, मी म्हटलं, धूर विषारी. ते गोळा करून, साठवून, यंत्रात घालून वेगळं करावं लागतं. आणि मग मला एरिकाचा आकडा आठवला, तो तिला सांगितला. समुद्रात गेलं वीस हजार टन तेल. किनाऱ्यावरून उचललेला तेलकट कचरा, वाळू, शेवाळ, दगड, चिंध्या, मेलेली पाखरं, सगळं धरून दोन लाख टनांच्या आसपास. त्याची विल्हेवाट लावायला पुढं काही वर्षं गेली.

टन म्हटल्यावर मामी सावरून बसली. टन हे तिचं माप आहे. "दोन लाख टन," ती म्हणाली, "आन एक कोयता दिसाला लई तर दोन टन वडतोय." कोयता म्हणजे नवरा-बायको, जोडी. ओठ हलवत तिनं बोटांची पेरं मोजली. अर्ध्यावर मला कॅल्क्युलेटर काढायला लावला, आणि कॅल्क्युलेटरच्या आधी तिचंच उत्तर आलं. "सा-सातशे कोयते लागत्याल. सबंद पट्टा पडंस्तवर." पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणं. मग फोन माझ्याकडं परत देत म्हणाली, "तिकडं पैसे टनावर देतेत का रोजानं?"